बाजू बदललेला वकील

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



न्यायसंस्थेचा विचार करताना लक्ष जाते ते न्यायाधीशांकडे. वकिलाकडे ते बहुधा त्याच्या फीच्या निमित्तानेच जाते. परंतु एखाद्या समाजात न्याय प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येतो हे पाहावयाचे असेल, तर निकालपत्रांइतकेच वकिलांचे जीवनक्रमही उद्बोधक ठरतात. अमेरिकेत असा एक जीवनक्रम इतका रूढ झाला आहे की त्याचे कोणाला नवल वाटेनासे झाले आहे. तरुण वकील प्रथम सरकारी वकिलाच्या कचेरीत नोकरीस लागतो. दारू पिऊन मोटार चालविणाऱ्यांना काही वर्षे शिक्षा मिळवून देतो. आणि मग राजीनामा देऊन तशाच आरोपींचा बचाव करण्यात उरलेली कारकीर्द घालवितो. त्याच्या जाहिरातीत ‘माजी सरकारी वकील’ ही अक्षरे ठळक असतात. अशिलाला त्यातून एकच गोष्ट सांगावयाची असते : समोरच्या गोटातील सारी हत्यारे याने हाताळलेली आहेत.

या माणसाला फितूर म्हणावे की न्यायाचा राखणदार? सर्वसामान्य माणूस पहिला शब्द उच्चारील, वकील मंडळी दुसरा. वास्तविक पाहता, तो कोणत्या बाजूला उभा आहे यापेक्षा त्याने शिकलेली विद्या कोणी घडविली आणि ती आज कोणाच्या उपयोगी पडते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. आजच्या विवेचनाचा सारा रोख त्या प्रश्नावरच राहील.

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील लोकांच्या मतांनी निवडून येतो. त्याच्या हाताखाली जे तरुण वकील नेमले जातात, त्यांच्याकडे आरंभी किरकोळ गुन्ह्यांचे खटले सोपविण्याची प्रथा आहे, आणि त्यांत दारू पिऊन वाहन चालविण्याच्या खटल्यांचा भरणा फार मोठा असतो. २०१९ साली या एका गुन्ह्याखाली त्या देशात सुमारे दहा लाख लोकांना अटक झाली, यावरून या कामाच्या व्यापाची कल्पना यावी. नव्या सरकारी वकिलाची ही शाळाच होय. पोलिसाला साक्षीसाठी कसे तयार करावे, श्वासचाचणीचा आकडा ज्यूरीपुढे कसा मांडावा, कोणता खटला लढवावा आणि कोणता तडजोडीने मिटवावा, हे सारे तो येथेच शिकतो. आणि शिकता शिकता आपली बाजू कोठे कच्ची आहे, हेही त्याला उमगते. हे शिक्षण त्याला मिळते ते सार्वजनिक पगारावर, म्हणजे कर भरणाऱ्या जनतेच्या खर्चाने.

पण शाळा सोडून बाजारात उतरावयाचे तर बाजार असावा लागतो. हा बाजार अलीकडच्या इतिहासात, दोन निरनिराळ्या घटनांच्या संयोगातून निर्माण झाला. वकिलाने जाहिरात करणे हे अमेरिकेतही एके काळी निषिद्ध होते. अॅरिझोना राज्यातील दोन तरुण वकिलांनी मध्यम व अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी स्वस्त सल्लाकेंद्र काढले आणि आपले दर वर्तमानपत्रात छापले. त्यांच्यावर कारवाई झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७७ साली जाहिरातीवरील सरसकट बंदी घटनाबाह्य ठरली. गरजू माणसाला वकील परवडावा म्हणून मागितलेले हे स्वातंत्र्य होते. पुढे ज्याच्यापाशी जाहिरातीला पैसा होता त्यानेच त्याचा सर्वाधिक लाभ उठविला. भांडवली समाजात स्वातंत्र्याच्या वाट्याला वारंवार येणारे हे नशीब आहे.

दुसरी घटना शोकाची आहे. मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात रस्त्याच्या कडेने चाललेल्या तेरा वर्षांच्या एका मुलीला मद्यधुंद चालकाने उडविले आणि तिचा मृत्यू झाला. हा चालक याच प्रकारच्या गुन्ह्यात पूर्वीही सापडलेला होता. त्या मुलीची आई कँडी लाइटनर हिने त्याच वर्षी मद्यपी वाहनचालकांविरुद्ध मातांची संघटना उभारली. तोवर हा गुन्हा समाज हसण्यावारी नेत असे. या मातांनी त्याला हत्येचे गांभीर्य प्राप्त करून दिले. १९८४ साली मद्यपानाचे किमान वय एकवीस करण्यासाठी केंद्रीय कायदा झाला. २००० साली राज्यांना मिळणाऱ्या महामार्ग निधीशी रक्तातील मद्यार्काची ०.०८ टक्के ही मर्यादा जोडण्यात आली आणि पुढील काही वर्षांत सर्व राज्यांनी ती स्वीकारली. युटा राज्याने तर २०१८ च्या अखेरीपासून ती ०.०५ वर आणली. १९८२ साली अशा अपघातांत सुमारे एकवीस हजार माणसे मेली होती. २०२३ साली हा आकडा १२,४२९ होता. वाहनांची संख्या व प्रवास इतका वाढूनही मृत्यू एवढे घटले, याचे श्रेय सामाजिक आंदोलनाला नाकारता येणार नाही. आणि तरीही बारा हजारांहून अधिक मृत्यू, म्हणजे दररोज चौतीस, ही गोष्ट ज्याच्या डोळ्यांपुढे नाही त्याने या विषयावर बोलू नये.

कायदा कडक होत गेला तसे आरोपीचे धोके वाढत गेले. परवाना जाणे, तुरुंगवास, दंड, विम्याच्या हप्त्यात वाढ, गाडीला श्वास तपासूनच इंजिन सुरू होऊ देणारे यंत्र स्वतःच्या खर्चाने बसविण्याची सक्ती, अशी शिक्षांची मालिका लागली. ज्या देशात बहुतेक शहरे मोटारीच्या भरवशावर पसरलेली आहेत आणि उपनगरातून कामावर जायला बस मिळेल याची शाश्वती नाही, तेथे परवाना जाणे म्हणजे पुष्कळदा नोकरी जाणे होय. धोका मोठा, म्हणून वकिलाची गरज मोठी. आणि गरज मोठी, म्हणून त्याची किंमत मोठी. मातांच्या आंदोलनाने आपल्याही नकळत बचावाच्या वकिलीचा एक नवा धंदा उभा केला. त्या धंद्यात भाव असणार होता तो साहजिकच आतल्या माणसाला, म्हणजे माजी सरकारी वकिलाला.

लॉरेन्स टेलर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी सरकारी वकील म्हणून आणि गरीब आरोपींचे सरकारनियुक्त बचाव वकील म्हणूनही काम केले होते. पुढे ते खाजगी वकिलीत शिरले आणि या एकाच गुन्ह्याच्या बचावावर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, तो त्या क्षेत्रातील वकिलांचा आधारग्रंथ बनला. दारू आणि मोटार हे दोन शब्द एकत्र आले की न्यायालये घटनेतील हमींना अपवाद करू लागतात, असा त्यांचा आक्षेप होता. हा आक्षेप केवळ धंदेवाईक म्हणून झटकून टाकता येत नाही. एरवी कोणत्याही नागरिकाला संशयाचे कारण असल्याखेरीज अडविता येत नाही. परंतु १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने मद्यपी शोधण्यासाठी रस्त्यावर नाकी उभारून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या थांबविण्यास मान्यता दिली. ज्यूरीसमोर खटला चालण्याचा हक्क ही अमेरिकन माणसाची अभिमानाची ठेव. परंतु कमाल शिक्षा सहा महिन्यांची असेल तर तो हक्क सामान्यतः घटनेनुसार मिळत नाही, असे १९८९ साली ठरले, आणि तेही याच गुन्ह्याच्या खटल्यात.

हा वकील न्यायालयात नेमके करतो तरी काय? लोकांना वाटते, तो शब्दच्छल करून दारुड्यांना सोडवितो. प्रत्यक्षात त्याचे काम एखाद्या हिशेबतपासनिसासारखे असते. पोलिसाने गाडी अडविली ती कोणत्या कारणावरून? डोळ्यांच्या बुबुळांची हालचाल, सरळ रेषेत चालून वळणे आणि एका पायावर उभे राहणे या तीन ठरीव चाचण्या नियमपुस्तिकेप्रमाणे घेतल्या काय? आरोपी पाय अधू असलेला, वृद्ध किंवा घाबरलेला नव्हता ना? कॅलिफोर्नियातील नियमानुसार श्वासचाचणीपूर्वी पंधरा मिनिटे आरोपीवर सलग नजर ठेवावी लागते, कारण या अवधीत ढेकर वा उलटी झाल्यास तोंडात राहिलेल्या मद्यार्कामुळे आकडा फुगतो. यंत्राची अचूकता दर दहा दिवसांनी किंवा दीडशे माणसांच्या चाचण्यांनंतर, यांतील जे आधी घडेल तेव्हा, तपासावी लागते. हे सारे झाले काय? श्वासावरून रक्तातील प्रमाण काढताना यंत्र एकास एकवीसशे हे गुणोत्तर धरून चालते. ते माणसांच्या सरासरीवर बसविलेले आहे. प्रत्येक शरीराचे गुणोत्तर तेवढेच असते असे नव्हे. सरकारी वकील असताना याच नोंदवह्या त्याने ज्यूरीपुढे निर्विवाद पुरावा म्हणून ठेवलेल्या असतात. आता तो त्या उघडून एकेक रकाना वाचतो.

हे वाचन समाजाला किती उपकारक ठरू शकते, हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्रकरणाने दाखवून दिले. तेथील श्वासचाचणी यंत्रांची देखभाल करणारी कचेरी राज्य पोलिसांच्या प्रयोगशाळेच्या अखत्यारीत होती. बचाव पक्षाच्या वकिलांनी यंत्रांच्या प्रमाणीकरणाची कागदपत्रे मागितली, तेव्हा यंत्रे तपासणीत नापास झाल्याचे दाखविणारे शेकडो कागद त्या कचेरीने दडवून ठेवल्याचे २०१७ साली उघडकीस आले. प्रकरण पुढे वर्षानुवर्षे चालले. अखेर एप्रिल २०२३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ ते एप्रिल २०१९ या काळातील चाचण्या फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून वापरण्यास मनाई केली. या निकालाचा संबंध सुमारे सत्तावीस हजार आरोपींशी होता. न्यू जर्सी राज्यातही २०१८ साली, यंत्र तपासताना तापमापकाचा एक आवश्यक टप्पा गाळल्याच्या प्रकरणावरून पाच काउंट्यांतील वीस हजारांहून अधिक चाचण्या अविश्वसनीय ठरल्या.

न्यू मेक्सिको राज्यातील एका खटल्यात रक्ताचा नमुना तपासणारा तंत्रज्ञ बिनपगारी रजेवर पाठविलेला होता. सरकारने त्याच्याऐवजी, तपासणी स्वतः न केलेला, दुसराच तंत्रज्ञ साक्षीस उभा केला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार अशा बहुमताने, हे चालणार नाही असे सांगितले. ज्याने अहवाल दिला त्याची उलटतपासणी घेण्याचा आरोपीस हक्क आहे. २०१३ साली, रक्तातील मद्यार्क काळाबरोबर कमी होतो एवढ्याच कारणास्तव वॉरंटाशिवाय सुई टोचण्याची सरसकट मुभा पोलिसांना मिळणार नाही, असे ठरले. २०१६ साली, वॉरंटाविना रक्त देण्यास नकार दिला म्हणून कोणाला गुन्हेगार ठरविता येणार नाही, असाही निकाल झाला. श्वासचाचणीला मात्र न्यायालयाने वेगळे मानले. हे हक्क मद्यपी माणसाच्या खटल्यांत सिद्ध झाले असले तरी ते त्याच्यापुरते राहात नाहीत. प्रयोगशाळेच्या अहवालावर ज्या कोणाला तुरुंगात जावे लागेल, त्या प्रत्येकाच्या ते उपयोगी पडतात. राजकीय खटल्यांचा अनुभव असलेल्या कार्यकर्त्यांना याचे महत्त्व समजावून देण्याची आवश्यकता नाही.

येथवर पाहता त्या माजी सरकारी वकिलाचे पारडे जड दिसते. परंतु हिशेब अजून अर्धाच झाला आहे.

मॅसॅच्युसेट्समधील त्या सत्तावीस हजारांचा विचार करा. त्यांपैकी अनेकांनी श्वासचाचणीचा आकडा पाहूनच आपला इलाज संपला असे मानले आणि गुन्हा कबूल केला. अमेरिकेत राज्यांच्या न्यायालयांतील शंभरांपैकी चौऱ्याण्णव दोषसिद्धी कबुलीतून होतात, असे सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ साली नमूद केले आहे. म्हणजे उलटतपासणी, तज्ज्ञांची साक्ष, यंत्राच्या नोंदी या ज्या साऱ्या हमींचे वर्णन आता केले, त्या बहुतेकांच्या बाबतीत कधी वापरल्याच जात नाहीत. त्या वापरल्या जाव्यात यासाठी वेळ लागतो, तज्ज्ञ लागतो आणि वकिलाची फी लागते.

अमेरिकेत १९६३ साली गंभीर गुन्ह्यातील गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणे राज्यांवर बंधनकारक झाले. १९७२ साली किरकोळ गुन्ह्यातही तुरुंगवास होणार असेल तर वकील दिला पाहिजे, असे ठरले. पण १९७९ साली न्यायालयाने सीमा आखली : प्रत्यक्ष तुरुंगवास झाला नाही, केवळ दंड झाला, तर घटनेनुसार सरकारने वकील देण्याचे बंधन नाही. काही राज्यांनी स्वतःहून यापेक्षा अधिक दिले, हे खरे. परंतु किमान हमी तेवढीच राहिली. शिवाय परवाना रोखण्याची कारवाई प्रशासकीय मानली जाते. कॅलिफोर्नियात तिच्याविरुद्ध सुनावणी मागण्यास अटकेपासून दहा दिवसांची मुदत असते आणि त्या सुनावणीसाठी सरकारी वकील मिळत नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचा वकील दुसऱ्याच दिवशी अर्ज करतो. ज्याच्यापाशी ते नाहीत त्याला मुदत टळल्यावर मुदत होती हे कळते. त्याच राज्यात तडजोडीने गुन्ह्याचे स्वरूप बदलून ‘बेदरकार वाहन चालविणे’ असा सौम्य आरोप पदरात पाडून घेता येतो. असा सौदा केव्हा मागावा आणि तो देण्यास सरकारी वकील केव्हा राजी असतो, हे जाणण्याला तेथे मोल आहे. आणि ते जाणतो तो तिकडे बसून आलेला माणूस.

मित्रहो, खरी विसंगती येथे आहे. जनतेच्या पैशाने, जनतेच्या नावाने चाललेल्या खटल्यांतून एक विद्या निर्माण झाली. राज्यसंस्थेचा पुरावा कोठे दुबळा असतो याची ती विद्या होती. न्यायाच्या दृष्टीने ती सर्वांची मालमत्ता असावयास हवी. प्रत्यक्षात ती एका व्यक्तीच्या डोक्यात बसून सरकारी कचेरीतून बाहेर पडते आणि ठोक फीवर विकली जाते. निर्दोषत्वाचे गृहीतक घटनेने प्रत्येकाला दिले. ते वापरण्याची हातोटी मात्र बाजाराने काहींनाच दिली. परिणामी दोन माणसे एकाच रात्री, एकाच यंत्रात, सारखाच आकडा फुंकतात. एकाचा खटला सौम्य होतो, दुसऱ्याची नोकरी जाते. रस्त्यावर मेलेल्या मुलीच्या आईला तर या दोन्हींतून न्याय मिळत नाही, कारण यंत्र नीट ठेवले गेले असते तर खरा अपराधी सुटला नसता आणि निरपराध अडकला नसता.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात आणि ती दोन्ही टाळली पाहिजेत. पहिले उत्तर असे की, रस्त्यावर माणसे मरत असताना हक्कांचा बाऊ कशाला? आरोपी प्यायलेला होता ना, मग शिक्षा द्या. हे उत्तर लोकप्रिय आहे. परंतु जे राज्य मद्यप्याच्या बाबतीत नापास यंत्राचे कागद दडविते, ते संपकऱ्याच्या बाबतीत प्रामाणिक राहील अशी अपेक्षा करणे भोळेपणाचे होय. दुसरे उत्तर वकिलांच्या वर्तुळातून येते : प्रत्येकजण आपापला वकील करण्यास मोकळा आहे, बाजारच सर्वांना न्याय पुरवील. त्या मोकळेपणाचा अर्थ काय होतो, हे आताच पाहिले.

मग मार्ग कोणता? सरकारी वकिलाने राजीनामा दिल्यावर बचावाकडे जाऊ नये असा निर्बंध घालून काही साधणार नाही. ज्या खटल्यात त्याने स्वतः सरकारची बाजू सांभाळली त्यात उलट बाजू घेता येत नाही, हा नियम आहेच आणि तो पुरेसा आहे. हवे आहे ते निराळे. चाचणी यंत्रांची देखभाल पोलिसांच्या हातून काढून स्वतंत्र सार्वजनिक यंत्रणेकडे द्यावी. तपासणीच्या नोंदी मागितल्याखेरीज मिळत नाहीत ही स्थिती संपवून त्या आपण होऊन खुल्या ठेवाव्यात. आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या बचाव कचेऱ्यांना सरकारी वकिलांच्या कचेरीइतकाच पैसा, तेवढेच तज्ज्ञ आणि तेवढाच मान द्यावा, म्हणजे अनुभवी माणसाला बाजू बदलावयाची असेल तर खाजगी पेढीखेरीज दुसरे दारही उघडे राहील. यांतील पहिल्या दोन गोष्टी रस्त्यावरील मृत्यू कमी करण्याच्याही आड येत नाहीत. उलट, पुरावा जितका निर्दोष तितकी शिक्षा निश्चित. आणि मूळ रोगावरचा इलाज न्यायालयात नाहीच. रात्री कामावरून किंवा मद्यालयातून परतणाऱ्याला बस मिळेल अशी शहरे बांधणे हा तो इलाज होय.

भारताचा संदर्भ येथे ओढूनताणून आणावा लागत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलमही श्वासचाचणीच्या आकड्यावर उभे आहे. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने झाली. तेव्हा यंत्र कोणी तपासले, केव्हा तपासले, हा प्रश्न येथेही तितकाच लागू आहे. वकिलांच्या जाहिरातीस बार कौन्सिलचा नियम मनाई करतो, त्यामुळे तो बाजार येथे उघड दिसत नाही, इतकेच. दुसरीकडे, समान न्याय व मोफत कायदेशीर साहाय्य हे राज्याचे कर्तव्य असल्याचे तत्त्व घटनेच्या ३९ अ या अनुच्छेदात १९७६ च्या घटनादुरुस्तीने आलेले आहे, आणि राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२२ पासून पूर्ण वेळ बचाव वकिलांच्या कचेऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांत उभारण्याची योजना हाती घेतली आहे. ही कल्पना सरकारनियुक्त बचाव वकिलाच्या पद्धतीवरच बेतलेली आहे. तिला पुरेसा निधी मिळतो काय, तेथे अनुभवी वकील टिकतात काय, अटक झालेल्या ड्रायव्हरला किंवा हमालाला तिचा पत्ता ठाऊक असतो काय, हे आपल्या तालुक्यात जाऊन विचारणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

बाजू बदललेल्या त्या वकिलाविषयी शेवटी एवढेच म्हणता येईल की, त्याने दोन्ही बाजूंनी पाहिलेले सत्य एकच आहे : राज्यसंस्थेचा पुरावा तपासल्याशिवाय विश्वासार्ह होत नाही. ते सत्य विकत घेण्याची पाळी ज्या समाजात नागरिकावर येते, तेथे कायद्यापुढील समानता अद्याप घटनेच्या कागदावरून खाली उतरलेली नसते. ती खाली उतरविणे हे एकट्यादुकट्या वकिलाच्या हातचे काम नाही. ते संघटित लोकमताचे काम आहे.